अठरा टाक्या, एक कॅमेरा : प्रकल्प नोंदी

९ जून, सोमवार

आजपासून वही. प्रकल्पातला पार्टनर म्हणाला गूगल डॉक कर, पण डॉकमध्ये मी चुका खोडून टाकते आणि नंतर काय चुकलं होतं तेच आठवत नाही.

प्रकल्प काय आहे ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते. मुंबईत हिंदमाताला पाणी भरतं हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या, त्यात भरती असली की समुद्राकडची तोंडं बंद. म्हणून महापालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. साचलेलं पाणी तिथे न्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. आमची टाकी त्यांच्यापैकी कुठलीच नाही, मनाने आखलेली आहे. प्रश्न एवढाच: वरच्या कप्प्यातून पाणी एकदम आत आलं तर समोरच्या भिंतीवर ते किती उसळतं, आणि पाणी आत यायचं तोंड लहानमोठं केल्याने काय फरक पडतो.

मॉडेल १:२०, कॉम्प्युटरवरचं. टाकी १.२ मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद. पाण्याचा दाणा ८ मिलिमीटरचा, मधल्या पातळीला १,५६,२५० कण. तोंडाचे सहा आकार, वरच्या पाण्याच्या तीन पातळ्या, म्हणजे अठरा रन. प्रत्येकी ४ सेकंद आणि ४०० फ्रेम. पद्धत एसपीएच, म्हणजे पाणी जाळीत न मांडता कणांत मांडायचं. १९७७ मध्ये ती ताऱ्यांसाठी शोधली गेली, आम्ही ती गटाराच्या पाण्याला लावतोय. सॉफ्टवेअर पायएसपीएच, चित्र काढायला मायावी. दोन्हींची मुळं पवईच्या आयआयटीतल्या प्रा. प्रभू रामचंद्रन यांच्याकडे जातात, त्यामुळे पार्टनर याला ‘सेंट्रल लाइनचा प्रकल्प’ म्हणतो. (कांजूरमार्गला उतरायचं म्हणून.)

सिम्युलेशनचं काम झालंय. उरलेत ते व्हिडिओ. ७,२०० फ्रेमसाठी माउसने कॅमेरा कोण फिरवणार? कॅमेऱ्याने स्वतःच जागा शोधावी, हे काम माझ्याकडे आलं.

१० जून

पहिली स्क्रिप्ट अर्ध्या तासात. सर्व कणांचे किमान आणि कमाल निर्देशांक घ्यायचे, त्यातून खोका, खोक्याभोवती गोल, आणि गोल मावेल एवढ्या अंतरावर कॅमेरा. मायावी ज्याच्यावर उभं आहे त्या व्हीटीकेचं ‘रीसेट कॅमेरा’ बटण हेच करतं.

पहिली फ्रेम सुरेख आली. शेवटच्या फ्रेमला पडदा काळा. मला वाटलं रेंडर फसलं. मोठं करून पाहिलं तर वरच्या कडेला निळी टिंबं. ती टाकी होती.

एक कण वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यातून पहिल्याच क्षणी बाहेर निसटला होता. त्याला जमीन नाही, भिंत नाही, फक्त गुरुत्वाकर्षण आहे. चार सेकंदांत तो साडेअठ्ठ्याहत्तर मीटर खाली गेला. खोका तेवढा उंच झाला, कॅमेरा दीडशे मीटर मागे सरकला, आणि १,०८० पिक्सेलच्या चित्रात सव्वा मीटरची टाकी उरली सोळा पिक्सेलची. दीड लाख कण एका बाजूला, एक पळपुटा दुसऱ्या बाजूला, आणि कॅमेऱ्याने पळपुट्याचं ऐकलं.

एक मात्र झालं. कॅमेरा एवढा लांब गेला नसता तर गळती कळलीच नसती. आम्ही सगळे टाकीकडेच बघत होतो.

११ जून

गळतीचं कारण सापडलं. भिंतीचे कण मांडताना नमपायच्या (पायथनमधलं आकडेमोडीचं पॅकेज) ‘अरेंज’ला ०.००८ ची पायरी दिली होती. दशांश संख्येची पायरी दिली की शेवटचा आकडा येईल की नाही याचा भरवसा नसतो. काही मापांना आला, काहींना नाही, आणि आतल्या थरातली कोपऱ्याची एक उभी ओळ गहाळ. किती कण हवेत ते मोजून देणारं ‘लिनस्पेस’ वापरलं. अठरापैकी तीन रन पुन्हा करावे लागणार. तिसऱ्यात ३७ कण गळाले होते.

पार्टनरला फोन केला तर तो आधी हसला, मग गप्प झाला. ती ओळ त्यानेच लिहिली होती.

१२ जून

आजचे दोन फटके.

पहिला, अंतराचं सूत्र. मी त्रिज्या भागिले अर्ध्या कोनाचा टॅन घेतला होता (कोन म्हणजे कॅमेऱ्याला वरखाली जेवढं दिसतं तो). शाळेतल्या आकृतीत तसंच दिसतं. पण तो सपाट पाटीचा हिशोब आहे. गोलाला दृष्टीची कड स्पर्श करून जाते, म्हणून तिथे साइन हवा. व्हीटीकेचा कोन मुळात ३० अंशांचा, त्यात दोन उत्तरांत साडेतीन टक्क्यांचाच फरक, डोळ्याला कळतही नाही. मी कोन ६० केला आणि १.७३ विरुद्ध २ झालं. गोल चौकटीबाहेर. लहान कोनामुळे चूक झाकली जात होती.

दुसरा, मायावीचं ‘एलिव्हेशन’. नावावरून मी समजले क्षितिजापासून वर किती. २० दिले आणि टाकी वरून दिसू लागली, गच्चीतून खाली डोकावल्यासारखी. ते मोजतात उभ्या अक्षापासून. आडवं बघायचं तर ९०. मला हवे होते ७०.

१५ जून, रविवार

मेगाब्लॉक. घरीच. आईने कांदाभजी केली आणि मी तेलकट हाताने लॅपटॉप घेतला म्हणून दोन वाक्यं ऐकवली. पण आज काम झालं.

गोलाचा नाद सोडला. टाकी लांबट, तिच्याभोवती गोल काढला की वरखाली नुसती हवा. मग उलट विचार केला. बघायची दिशा ठरली आहे असं धरू. चौकटीचा मध्य ठरला आहे असं धरू. आता एकेका कणाला विचारायचं, तुला चौकटीत घ्यायला कॅमेरा किमान किती मागे हवा?

उत्तर एका ओळीचं. कण मध्यापासून कॅमेऱ्याच्या दिशेला झ इतका पुढे, आणि वर किंवा खाली य इतका. कॅमेरा द अंतरावर असेल तर त्या कणापर्यंतचं सरळ अंतर द वजा झ. त्या अंतरावर चौकटीची अर्धी उंची म्हणजे (द − झ) गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन. कण आत राहायचा तर य त्यापेक्षा मोठा नको. फिरवून लिहिलं की

द = झ + य ÷ टॅन(अर्धा कोन)

इथे मात्र टॅनच बरोबर, कारण हिशोब एका बिंदूचा आहे. आडव्या बाजूला तेच, फक्त कोन आडवा. आडव्या कोनाचा टॅन म्हणजे उभ्याचा टॅन गुणिले रुंदी-उंचीचं गुणोत्तर. दोन्हींतलं मोठं उत्तर ती त्या कणाची मागणी.

नमपायमध्ये दीड लाख कणांच्या मागण्या डोळ्याचं पातं लवतंय तोवर येतात. सगळ्यांत मोठी मागणी मान्य केली की प्रत्येक कण चौकटीत, एक इंचही जागा वाया न घालवता.

आणि मला आवडलं ते पुढचं. मागण्या आता एका रांगेत उभ्या आहेत, लहानापासून मोठीपर्यंत. सगळ्यांत मोठी मान्य करायलाच हवी असं कुठे लिहिलंय? वरच्या अर्ध्या टक्क्याला नाही म्हणता येतं. परवाचा पळपुटाही याच रांगेत शेवटी उभा असेल, त्याच्यासाठी वेगळा नियम नको. आधी मी ‘बाहेरचा कण कोणता’ हे जागेवरून ठरवत होते. ते खरं तर मागणीवरून ठरवायचं. कॅमेऱ्यापासून लांब, मागे गेलेला कण चौकटीला जड नसतो, आडवा गेलेला जड असतो.

मध्य कुठे घ्यायचा यावर संध्याकाळ गेली. सरासरी घेतली तर ती नेमकी दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीवर पडते, जिथे पाण्याचा थेंब नाही. अर्धं घर विरारला, अर्धं पनवेलला, आणि सरासरी पत्ता येऊरच्या जंगलात. मध्यक घेतला तर तो आधी वरच्या कप्प्यात बसून राहतो आणि अर्धं पाणी उतरलं की टुणकन टाकीत उडी मारतो. शेवटी लक्षात आलं की टाकी कुठेच जात नाही. मध्य टाकीच्या रेखाटनातूनच घ्यावा, पाण्याला विचारूच नये.

१७ जून

अर्धा टक्का वगळण्याचा नियम तोंडावर आपटला.

सुरुवातीच्या फ्रेम. झडप उघडली, पाण्याची जीभ टाकीत शिरतेय. हेच तर बघायचंय. पण तेव्हा बहुतेक पाणी वरच्या कप्प्यात निवांत आहे आणि जिभेत सहाशेच्या आसपास कण. अर्धा टक्का म्हणजे ७८१. कॅमेऱ्याने नेमकी जीभ कापली आणि साठलेल्या पाण्याचं सुंदर चित्र काढलं.

मग वाटलं, वेगाला वजन देऊ. पळणाऱ्या कणाची मागणी जड. जीभ परत आली. तिच्यासोबत गळका कणही आला (तीन रन अजून जुनेच आहेत), कारण चार सेकंद पडून त्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर झालाय. सगळ्यांत वेगवान तोच, म्हणजे सगळ्यांत वजनदारही तोच.

मग शेजार मोजला. सायपायच्या केडी-ट्रीने (जवळचे बिंदू झटपट शोधायची रचना) प्रत्येक कणाला विचारलं, जवळ किती जण? पाण्याच्या पोटातल्या कणाला आमच्या मापाने साधारण ५८ शेजारी. जिभेतल्याला तीसपस्तीस. उडालेल्या शिंतोड्याला दोनचार, गळक्याला शून्य. पाचाच्या खाली असेल त्याचं मत मोजायचं नाही. छान चाललं, तीन रन चाललं. मग तो ३७ जणांचा रन आला. ते कोपऱ्यातून एकत्र गळालेत, एकत्रच पडतायत, एकमेकांचे शेजारी आहेत. चाळ सोडून अख्खा मजला निघून गेला तर शेजार शाबूतच राहणार.

रात्री साडेअकराला पार्टनरचा मेसेज: ‘टाकीच्या तळाच्या खाली आहेत ना ते? मग तळाच्या खालचे वगळ ना.’

एक ओळ. मी दोन दिवस केडी-ट्री शिकत होते.

(शेजार मोजणं टाकलं नाही. शिंतोड्यांसाठी ते लागतंच. एकटा थेंब छताकडे उडाला म्हणून चौकट उचलायची नसते.)

२० जून

आता दिशा. कुठून बघायचं?

पुस्तकी उत्तर: कणांची सहविचलन सारणी काढा, तिचे आयगेन व्हेक्टर काढा, आणि सगळ्यांत लहान आयगेन मूल्याच्या दिशेने बघा. म्हणजे पसारा ज्या बाजूला कमी तिकडून बघितलं की जास्तीत जास्त पसारा समोर दिसतो. पोळी कडेने बघण्यापेक्षा वरून बघावी, तसं. नमपायचं ‘eigh’ फंक्शन मूल्यं चढत्या क्रमाने देतं, म्हणून पहिलाच स्तंभ घ्यायचा.

व्हिडिओ चालवला आणि पोटात ढवळलं. पाणी डावीकडून उजवीकडे जातंय, मध्येच उजवीकडून डावीकडे, पुन्हा डावीकडून. आयगेन व्हेक्टरला चिन्ह नसतं. अधिक आणि उणे दोन्ही बरोबर, गणित मनाला येईल ते देतं, आणि कॅमेरा टाकीच्या या बाजूहून त्या बाजूला उडतो. आधीच्या फ्रेमच्या दिशेशी अदिश गुणाकार करायचा, उणे आला तर चिन्ह फिरवायचं. ते झालं.

तरी शेवटाकडे कॅमेरा डोलतो. आधी कळेना. मग मूल्यं छापली. पाणी उसळून परत येताना एका टप्प्याला उंचीकडचा पसारा आणि रुंदीकडचा पसारा जवळजवळ सारखे होतात. दोन मूल्यं सारखी झाली की त्यांच्यातली ‘लहान’ कोणती हे कण दोन मिलिमीटर इकडचे तिकडे झाल्यानेही बदलतं. कॅमेऱ्याला दोष नाही, मी त्याला असा प्रश्न विचारतेय ज्याचं त्या क्षणी उत्तरच नाही.

दिशा फ्रेमगणिक काढायची नाही. सगळ्या ४०० फ्रेममधले थोडे थोडे कण एकत्र करून रनला एकदाच काढायची.

२२ जून, रविवार

तशी दिशा काढली तर ती येते टाकीच्या बरोबर बाजूने, काटकोनात. सगळं दिसतं, पण भिंतीवर चिकटवलेल्या कॅलेंडरसारखं. खोली नाही. हे मला नको. आडवा २५ अंश फिरवला आणि २० अंश वर घेतला (म्हणजे मायावीचे ७०, आता लक्षात राहिलंय). लगेच पाणी पाण्यासारखं दिसू लागलं.

दृश्य-एन्ट्रॉपीही करून पाहिली. २००१ च्या एका शोधनिबंधातली कल्पना: ज्या जागेवरून जास्तीत जास्त माहिती दिसते ती जागा उत्तम, आणि माहिती मोजायची शॅननच्या सूत्राने. वरच्या अर्धगोलावर १३७.५ अंशांच्या सुवर्णकोनाने दोनशे जागा पेरल्या, प्रत्येकीवरून कणांचा हिस्टोग्राम काढला. जिंकली ती बरोबर डोक्यावरची जागा. तळ पसरट, वरून सगळ्यांत जास्त चौकोन भरतात. आणि उसळी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, वरून दिसतच नाही. सूत्राला माहिती कळते, मला कुठली माहिती हवी ते त्याला कुणी सांगितलं? सोडून दिली. वरून बघताना ‘वर’ची दिशा आणि बघण्याची दिशा एकच होते आणि क्रॉस गुणाकार शून्य येऊन सगळं ‘नॅन’ (म्हणजे ‘ही संख्याच नाही’) होतं, हा आनंद वेगळाच.

२४ जून

पाऊस. लॅब दुपारी बंद केली. पाण्याच्या प्रकल्पाला पाण्यामुळे सुट्टी.

२८ जून

अंतर फ्रेमगणिक निघतंय, पण चौकट थरथरते. एखादा थेंब पाच शेजाऱ्यांच्या मर्यादेच्या आत-बाहेर झाला की अंतर किंचित हलतं, आणि डोळ्याला ते लगेच कळतं. हातात कॅमेरा घेऊन कुणीतरी शिंकतंय असं वाटतं.

दादाला दाखवलं. तो रविवारी टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांचं यूट्यूबवर लाइव्ह करतो, मैदानाच्या कडेला बांबूच्या मचाणावर बसून. त्याने पाच सेकंदं बघितलं.

“अगं, तू बॉलमागे पळतेयस.”

“मग काय करू?”

“बॅट्समनने उचलला की मी आधीच बाऊंड्रीला जाऊन उभा राहतो. बॉल येतो माझ्याकडे. नवीन पोरं बॉलसोबत कॅमेरा उचलतात, मग आभाळ दिसतं, मग झाड, मग कुणाचं तरी डोकं.”

“तुला अंदाज असतो. कॅमेऱ्याला काय माहीत पाणी कुठे जाणार?”

“तुझं तर रेकॉर्डिंग झालंय ना सगळं?”

झालंय. चारशेच्या चारशे फ्रेम डिस्कवर आहेत. मी ते लाइव्ह असल्यासारखं हाताळत होते.

२९ जून, रविवार

पुढचं माहीत आहे हे धरून आज बसले. आधी सायपायचा सावित्स्की-गोले फिल्टर, १९६४ पासून रसायनशास्त्रज्ञ आलेख गुळगुळीत करायला वापरतात तो. ६१ फ्रेमची खिडकी. आणि अंतर नव्हे, अंतराचा लॉग गुळगुळीत केला, कारण डोळ्याला झूम पटीत कळतो. एकाचे दोन मीटर आणि दोनाचे चार हे सारखेच वाटतात.

थरथर गेली. पण सगळ्यांत उंच उसळीला पाणी वरून कापलं गेलं. साहजिकच आहे, गुळगुळीत करणं म्हणजे शेंडे छाटणं, आणि शेंड्यालाच जागा जास्त हवी असते. मार्जिन म्हणून सगळीकडे १० टक्के वाढवावेत तर बाकी वेळ टाकी उगाच लहान.

मग दादाची बाऊंड्री. प्रत्येक फ्रेमला स्वतःचं अंतर द्यायचं नाही, आजूबाजूच्या ६१ फ्रेममधलं सगळ्यांत मोठं द्यायचं. म्हणजे उसळी यायच्या तीस फ्रेम आधीच कॅमेरा मागे जाऊन उभा. याने आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होतो. त्यावर त्याच ६१ च्या खिडकीची साधी सरासरी. पायऱ्यांचे उतार होतात.

आणि यात गंमत अशी की आता काही कापलं जाणं शक्यच नाही. सरासरीत येणारी ६१ मोठ्यांत मोठी अंतरं ज्या ज्या खिडक्यांतून आली, त्या प्रत्येक खिडकीत मधली फ्रेम होतीच. म्हणजे त्यातलं प्रत्येक अंतर मधल्या फ्रेमच्या मागणीएवढं किंवा जास्त, मग त्यांची सरासरी कमी कशी असेल? सावित्स्की-गोलेत काही वजनं उणे असतात, तिथे हा युक्तिवाद चालत नाही. कागदावर दोनदा करून पाहिलं. दोन ओळींचा कोड, आणि सिद्धता मला झोपेत सांगता येईल.

दादाला परत दाखवलं. म्हणाला, “आता बरंय. स्कोअर कुठे टाकणार?”

३ जुलै

प्रकल्पाच्या मॅडमना अठरा व्हिडिओ दाखवले. चहा आला. त्यांनी पहिले चार सलग बघितले आणि मग विचारलं, “जास्त उसळी कशात आहे?”

मी म्हटलं दुसऱ्यात, तोंड मोठं आहे. त्यांनी पहिला आणि दुसरा शेजारी लावायला सांगितले.

सारखे. दोन्हींत पाणी चौकटीच्या वरच्या कडेला बोटभर खाली येऊन थांबतं. सगळ्याच अठरांत तसंच. कारण मी महिनाभर नेमकं हेच लिहिलंय: पाणी कितीही उडो, ते चौकटीत नीट बसलं पाहिजे. एकात पाणी ३० सेंटिमीटर उडालं, कॅमेरा थोडा मागे. दुसऱ्यात ५५ उडालं, कॅमेरा जास्त मागे. फरक सगळा कॅमेऱ्याच्या अंतरात गेला, आणि अंतर चित्रात दिसत नाही. आमच्या प्रकल्पाचं जे एकमेव उत्तर, ते मी मोजलं आणि फेकून दिलं.

मॅडम रागावल्या नाहीत. “चित्र छान आहेत हो,” म्हणाल्या. ते जास्त लागलं.

परतीच्या ट्रेनमध्ये पार्टनर म्हणाला, मग प्रत्येक व्हिडिओवर अंतराचा आकडा टाकू. लोकांनी डोक्यात भागाकार करत पाणी बघायचं? मी काही बोलले नाही. कुर्ल्यापर्यंत जागा मिळाली नाही, त्याचाही राग त्यात होता.

५ जुलै

पर्याय एक: अठराही रनच्या मागण्या एकाच रांगेत लावायच्या आणि सगळ्यांना पुरेल असं एकच अंतर. तुलना होते. पण तिरक्या दृश्यात जवळचं पाणी मोठं दिसतं, लांबचं लहान. मागच्या भिंतीची उसळी आणि पुढच्या भिंतीची उसळी डोळ्याने मोजता येत नाही.

म्हणून परस्पेक्टिव्हच काढून टाकलं. समांतर प्रक्षेपण. त्यात कॅमेरा किती लांब याला चित्राच्या मापापुरता अर्थच नाही. चालतं ते ‘पॅरलल स्केल’, म्हणजे चौकटीची अर्धी उंची खऱ्या मापात. ते ०.६ ठेवलं. चौकट १.२ मीटर उंच, १,०८० पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला १.११ मिलिमीटर. खऱ्या टाकीत सव्वादोन सेंटिमीटर. कुणीही पट्टी लावावी.

०.६ हा आकडा डोळ्याने घेतलेला नाही. १५ जूनचीच रांग, अठरा रन मिळून, फक्त आता मागणीत झ नाही, नुसता य. सूत्र आणखी सोपं झालं. काही गुळगुळीत करायची गरज नाही, कारण कॅमेरा हलतच नाही. २९ जूनची माझी लाडकी सिद्धता इथे बेकार.

आणि दिशा? समांतर मोजायचं तर बरोबर बाजूने, काटकोनात. आयगेन व्हेक्टरने २२ जूनलाच दिली होती ती. कॅलेंडरसारखं दिसतं म्हणून मी नाकारलेली. शेजारी शेजारी सहा ओळी, तीन स्तंभ लावले आणि पहिल्यांदा मलाच दिसलं की तोंड एका मापापुढे वाढवलं की उसळी वाढत नाही, पाणी नुसतं आधी पोचतं.

तिरका, मागेपुढे सरकणारा कॅमेरा सादरीकरणाच्या सुरुवातीला एका रनसाठी ठेवलाय. मॅडम म्हणाल्या होत्या ना, छान आहे.

८ जुलै

रात्रभर रेंडर. पडद्याशिवाय चालावं म्हणून मायावीचा ऑफस्क्रीन पर्याय चालू केला, गोलांऐवजी नुसते बिंदू (गोल काढले तर एकेका फ्रेमला चहा पिऊन यावं), फ्रेमला दोन सेकंदांच्या आत. दुरुस्त केलेले तीन रनही यात आहेत, गळती शून्य.

वेगाचा प्रश्न राहिला होता. १:२० मॉडेलमध्ये काळ √२० म्हणजे ४.४७ पट आकुंचन पावतो, फ्राउडचा नियम. मॉडेलचे ४ सेकंद म्हणजे खऱ्या टाकीत जवळजवळ १८. आमच्या ४०० फ्रेम सेकंदाला २५ ने १६ सेकंदांत संपतात, म्हणजे पाणी जरा घाईत आहे. २२.३६ ने लावल्या तर बरोबर खऱ्या वेळेत. पार्टनर म्हणतो कुणाला कळणार आहे. मी २२.३६ लावलंय.

सकाळी सात वाजता लॅब उघडली तेव्हा ७,१९९ फ्रेम होत्या. एक कमी. रन ११, फ्रेम २०७. शिपाईकाकांनी रात्री दिवे बंद करताना स्विच चुकून दाबला का म्हणून विचारायला गेले, तर ते म्हणाले, “मॅडम, मी तुमच्या कॉम्प्युटरला हात लावत नाही, त्यात पाणी आहे ना.” डिस्क भरली होती. एक सोडून जुने तिरके व्हिडिओ पुसले, २०७ पुन्हा काढली.